जुनं अडीच, नवीन अडीच

मित्रांनो, मी एक जुना ट्रिगर आहे. बंदुकीचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. कारण नाव ऐकलं की तुमच्यातला एक तरी दोन बोटं पुढे करून ‘ठो’ म्हणतो आणि मग सगळा वर्ग हसतो. मी संगणकात राहतो. मला नळी नाही, गोळी नाही आणि आवाज तर नाहीच नाही. आवाज असता तर हे आत्मवृत्त सांगत बसायची वेळ माझ्यावर आली नसती. त्या दिवशीच ओरडून मोकळा झालो असतो.

माझं काम सोपं आहे, म्हणजे ऐकायला. संगणकात माहिती ठेवायला तक्ते असतात. तक्त्यात आडव्या ओळी असतात आणि एका ओळीत एका माणसाची माहिती. कुणी त्या ओळीतला आकडा काढून दुसरा घातला, की पहिला गेला. वहीत खोडलं तर खाली निदान पुसट तरी दिसतं. संगणकात तेही नाही. तो आकडा कधी नव्हताच म्हणायचं. म्हणून तक्त्याला मला बांधून ठेवलं आहे. ओळीला कुणी हात लावला, की मी आपोआप उठतो आणि शेजारच्या दुसऱ्या तक्त्यात नोंद करतो. जुनं काय होतं, नवीन काय झालं, कुणी केलं आणि कधी केलं. मला हाक मारावी लागत नाही. मी कुणाला अडवतही नाही. लिहितो आणि परत जागेवर बसतो.

माझा जन्म बुटांच्या एका कार्यशाळेत झाला. तुम्ही घालता तसले बूट नव्हेत. काही मुलांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड असतो. अशा मुलाला साधे बूट घातले, तर ते एका बाजूला झुकून चालतं, आणि मग कंबर दुखते, पाठ दुखते. म्हणून आखूड पायाच्या बुटाला खालून जाड तळ लावतात. कुणाला एक सेंटीमीटर, कुणाला तीन. तळ कमी पडला तर मूल लंगडतं, जास्त झाला तर अडखळून पडतं. सगळी भिस्त त्या एका आकड्यावर, आणि तो आकडा माझ्या तक्त्यात असतो.

हा आकडा आणणाऱ्या बाईंना सगळे मापवाल्या ताई म्हणतात. त्यांची पद्धत मला पाठ आहे, कारण माझा संगणक माप घ्यायच्या खोलीतच आहे, कोपऱ्यात, शिवणयंत्राच्या शेजारी. ताई मुलाला अनवाणी उभं करतात. आखूड पायाखाली लाकडाच्या पातळ चकत्या एकावर एक सरकवत जातात. मग मागे गुडघे टेकून बसतात आणि दोन्ही हात मुलाच्या कमरेच्या हाडांवर ठेवतात. दोन्ही हात एका पातळीत आले, की चकत्यांची उंची मोजायची. एवढ्यावर संपलं असं वाटतं, तर नाही. मुलाला खोलीभर चालवून आणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. मुलं कंटाळतात, त्यांच्या आया घड्याळाकडे बघतात. ताई म्हणतात, “एकदाच उभा राहा राजा. मला माझंच खरं वाटत नाही बघ.” आणि मग आणखी दोनदा उभं करतात.

आता मूल म्हटलं की वाढणार आणि वाढलं की माप बदलणार. ताई नवीन आकडा घालायच्या आणि जुना पुसला जायचा. एकदा इस्पितळातले डॉक्टर आले आणि एका मुलाबद्दल विचारू लागले, “याचा तळ गेल्या वर्षी किती होता? पाय सुधारतोय की बिघडतोय, ते मला कळायला नको का?” कुणालाच सांगता येईना. तेव्हा मालकांच्या जावयाने मला लिहिलं.

हा जावई संगणकाचं काम करणारा. कार्यशाळेचं सगळं सॉफ्टवेअर त्याने फुकटात करून दिलं होतं, आणि खरी गोम तिथेच आहे. पैसे मोजून आणलेल्या माणसाला चार शब्द सुनावता येतात. जावयाला काय सुनावणार? मालक त्याला ‘जावईबापू’ म्हणतात आणि तो यायचा असला की चांगली खुर्ची पुसून ठेवतात. तोही सासऱ्यांच्या शब्दाबाहेर नाही. एकाला विचारायची चोरी, दुसऱ्याला सांगायची चोरी. दोघे एकमेकांचा मान राखतात आणि निस्तरायला मी आहेच.

जावईबापूंनी मला चांगलं लिहिलं, हे मान्य करतो. फक्त एक अट घालायची राहिली. ‘आकडा खरोखर बदलला असेल तरच नोंद कर.’ एवढं एक वाक्य! ते नसल्यामुळे कुणी नुसती ओळ उघडली आणि काहीही न बदलता सेव्ह दाबलं, तरी मला उठावं लागतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? थांबा. तुमची अजून मालकांशी ओळख व्हायची आहे.

मालक मनाने भले आहेत. पण माझ्या जन्माआधी एकदा भरदुपारी वीज गेली आणि सकाळपासून घातलेली सगळी मापं उडाली. मुलांना पुन्हा बोलवावं लागलं. त्याचा मालकांनी असा धसका घेतला, की सेव्ह दाबायचं त्यांना वेडच लागलं. रोज कार्यशाळा बंद करायच्या आधी ते संगणकासमोर बसतात. चष्मा कपाळावर चढवतात. पहिली ओळ उघडतात, वाचतात, काहीही बदलत नाहीत आणि सेव्ह दाबतात. मग दुसरी. मग तिसरी. शेवटच्या ओळीपर्यंत हेच. आणि सकाळी आल्यावर, मधल्या वेळात काही उडालं तर नाही ना, म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तळवाले काका, म्हणजे बुटांचे तळ कापणारे आमचे जुने कारागीर, एकदा म्हणाले, “मालक, एकदा दाबलं की राहतं हो ते.”

“राहत असेल,” मालक म्हणाले, “पण आपलं आपण दाबलेलं बरं.”

आणि मी? मी लिहितो. जुनं दोन, नवीन दोन. जुनं दीड, नवीन दीड. जुनं अडीच, नवीन अडीच. कुणी केलं? मालकांनी. काय केलं? काही नाही! तुमच्या बाई तुम्हाला शिक्षा म्हणून एकच वाक्य पानभर लिहायला लावतात ना, तसं माझं आयुष्य गेलं. तुमची निदान काहीतरी खोडी तरी केलेली असते.

खऱ्या नोंदी व्हायच्या, नाही असं नाही. ताई मूल उभं करायच्या, आकडा बदलायच्या आणि मला हुरूप यायचा. डॉक्टर पुढच्या खेपेला आले तेव्हा जावईबापूंनी माझ्या नोंदी उघडून दाखवल्या. डॉक्टर खूश झाले. “वा, याला म्हणतात व्यवस्था!” असं म्हणून त्यांनी जावईबापूंची पाठ थोपटली. मालकांनी जावईबापूंसाठी चहा मागवला. मी कोपऱ्यात बसून होतो. माझं नावही कुणी काढलं नाही. असो. कौतुकाची हौस मला नाही, पण पुढे जे झालं ते ऐकलंत तर तुमचाही संताप होईल.

नोंदी साचत गेल्या. आता कोणत्या साचल्या, हे मी सांगायला नको. संगणक मंदावला. एकेक ओळ उघडताना गोल चक्र फिरायला लागलं आणि मालक करवादले, “जावईबापू, हे यंत्र म्हातारं झालं की काय?”

जावईबापूंनी थोडा वेळ बटणं बडवली आणि निदान केलं. “बाबा, तो ट्रिगर फार लिहितो. त्यामुळे जड झालंय.”

मी फार लिहितो! मालक उठता बसता सगळ्या तक्त्याला हात लावतात ते राहिलं बाजूला, आणि लिहिणाऱ्यावर खापर. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

त्याच सुमाराला मालकांनी तळांसाठी नवीन रबर आणलं. ते मऊ होतं, अंगाच्या भाराने थोडं दबायचं. म्हणून असं ठरलं, की रबराच्या ज्या ऑर्डरी आहेत, त्यांच्या तळाची उंची अर्ध्या सेंटीमीटरने वाढवायची. कॉर्कचे तळ कडक असतात, ते दबत नाहीत. त्यांना हात लावायचा नाही. एकेक ओळ बदलत कोण बसणार, म्हणून जावईबापूंनी एक बटण करून दिलं. दाबलं की सगळं आपोआप. फक्त त्या बटणात ‘रबराच्याच ऑर्डरी’ ही अट घालायला ते विसरले. अट विसरणं हा त्यांचा खास गुण आहे, हे माझ्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल.

ताई त्या दिवशी लांबच्या एका शाळेत मापं घ्यायला गेल्या होत्या. मालक बटणावर बोट ठेवून बसले आणि म्हणाले, “जावईबापू, सगळा तक्ता बदलायचा, म्हणजे हा तुमचा लिहिणारा पुन्हा लिहीत बसणार. इथे माझा जीव जातो. त्याला जरा गप्प करता येतं का?”

नाही म्हणायला हवं होतं. ठणकावून नाही म्हणायला हवं होतं. पण सासरे बोलले, जावई उठले.

“येतं ना, बाबा. जरा वेळ बंद करतो. नंतर चालू करू.”

जरा वेळ! नंतर! मित्रांनो, हे दोन शब्द जिथे एकत्र ऐकाल तिथून पळ काढा. मला पळताही येत नाही.

बंद केलेला ट्रिगर मरत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तो जागच्या जागी असतो. त्याला सगळं दिसतं, सगळं कळतं, फक्त लिहिता येत नाही. वर्गात हजर असून हजेरीत गैरहजर मांडलेल्या मुलासारखी गत. मालकांनी बटण दाबलं. पडद्यावर काही हललं नाही, कारण संगणक आपल्या चालीने काम करत होता. पण मालकच ते. काही दिसलं नाही तर पुन्हा दाबायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी पुन्हा दाबलं. सगळ्या ओळी, रबराच्या आणि कॉर्कच्याही, अर्ध्याने वाढल्या आणि लगेच पुन्हा अर्ध्याने वाढल्या. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. वर्षानुवर्षं ‘काही नाही, काही नाही’ लिहून माझा पिट्ट्या पडला, आणि लिहिण्यासारखं काही घडलं तेव्हा नेमकं माझं तोंड बांधलेलं. तेवढ्यात जावईबापूंना फोन आला. ते बोलत बोलत बाहेर गेले, तिथूनच घरी गेले, आणि मला चालू करायचं राहिलं ते राहिलंच.

मालकांचं सकाळ-संध्याकाळ सेव्ह चालू होतं. आकडे वाढलेले त्यांना दिसत होते, पण वाढवले म्हणून वाढले, असं ते धरून चालले. काका चिठ्ठीवर छापून येईल तेवढा तळ कापतात, त्यांनी तेवढा कापला. ताई नवीन मुलांची मापं घेत राहिल्या, जुन्या ओळी उघडायचं त्यांना कारण नव्हतं. सगळं आपापल्या जागी ठीक चाललं होतं आणि मी एकटा आतल्या आत धुमसत होतो.

त्या ओळींमध्ये एक ओळ चिमणीची होती. ही आठ वर्षांची मुलगी. आमच्याकडे पहिल्यांदाच आली आणि तिची टकळी थांबेना, म्हणून ताईंनीच तिला ‘चिमणी’ म्हणायला सुरुवात केली. लहानपणी तिच्या पायाचं हाड मोडलं होतं आणि तो पाय वाढीत मागे पडला होता. हळूहळू तो दुसऱ्या पायाला गाठेल, असं डॉक्टर म्हणत होते. माप घेताना ती पायाखालच्या चकत्या स्वतः मोजायची आणि ताईंच्या आधी आकडा ओरडायची. दर वेळी ती ‘अडीच’ म्हणूनच ओरडली होती. ताईंनी अडीच घातलं होतं. कॉर्कचा तळ.

बूट तयार झाले तेव्हा ताई पुन्हा बाहेरगावी होत्या. एरवी त्या बूट घालून चालवून बघितल्याशिवाय मूल सोडत नाहीत. पण चिमणीच्या आईला कामावर जायची घाई होती. तिने पिशवीत बूट घेतले आणि गेली. तळ अडीचचा नव्हता, साडेतीनचा होता. दुसऱ्याच दिवशी चिमणी शाळेच्या जिन्यावरून कोसळली. हनुवटीला टाके पडले.

तिची आई कार्यशाळेत आली तेव्हा माप घ्यायच्या खोलीत जावईबापू सोडून सगळेच होते. तिने बूट टेबलावर आपटला. “हा तळ आहे? माझ्या मुलीला काय काठ्यांवर चालायची कसरत शिकवायची आहे का तुम्हाला? जिन्यात डोकं आपटलं असतं म्हणजे?”

ताई पुढे झाल्या. “कुठे आहे ती? फार लागलंय का?”

“तुम्ही राहू द्या,” आई म्हणाली. “तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. यापुढे तुम्ही माझ्या मुलीच्या पायाला हात लावायचा नाही.”

आणि ती गेली. ताईंनी तो बूट हातात घेतला. मग त्यांनी तळाला टेप लावला. पुन्हा लावला.

“मी अडीच घातलं होतं, मालक,” त्या म्हणाल्या. “अडीचच. चिमणीनेच मोजलं होतं.”

मालकांनी ओळ उघडली. साडेतीन. त्यांनी जावईबापूंना बोलावणं धाडलं. जावईबापू आले, पुसलेल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी माझ्या नोंदी उघडल्या. मला वाटलं, आता तरी यांना आठवेल! पण नाही. बटण त्यांच्या लेखी फक्त रबराचं होतं आणि चिमणीचा बूट कॉर्कचा, त्यामुळे बटण त्यांच्या मनातही आलं नाही. मला बंद केल्याचं तर ते साफ विसरले होते. शिवाय नोंदी बघताना त्यांनी एक चाळणी लावून ठेवली होती. जुना आणि नवीन आकडा सारखाच असेल तर ती नोंद दाखवायची नाही. मालकांच्या त्या असंख्य सेव्हमधून खरा बदल शोधायचा म्हणजे दुसरं काय करणार? चाळणीतून चिमणीच्या ओळीची एकही नोंद खाली आली नाही. पडदा कोरा.

“या ओळीत कुणी काही बदललेलं नाही, बाबा,” जावईबापू म्हणाले. “म्हणजे पहिल्यापासूनच साडेतीन घातलं असणार.”

मित्रांनो, त्या क्षणी माझा जो जळफळाट झाला, तो कोणत्याही तक्त्यात मावणार नाही. माझं तोंड यांनीच बांधलं. आणि आता मी बोलत नाही, म्हणजे काही घडलंच नाही, असा यांचा निवाडा! अहो, मला विचारा तरी, मी बोलू शकतो का ते!

ताई काही भांडल्या नाहीत. हेच मला जास्त लागलं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “मग माझंच बोट चुकलं असेल. दोनच्या जागी तीन दाबलं गेलं असेल.”

“ताई, तुम्ही असं...” मालक चाचरले.

“नाही, मालक. यंत्र सांगतंय तर तसंच असेल. पण माझा हात असा चुकायला लागला असेल, तर मी इथे थांबू नये. मुलांच्या पायाचं काम आहे.” त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि टेबलावर ठेवला. मग खाली बसून लाकडाच्या चकत्या गोळा करायला लागल्या. जाडीप्रमाणे लावून, एकावर एक, डब्यात.

“काही दिवस घरी आराम करा. मग बघू,” मालक म्हणाले. ‘मग बघू’चा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळत होता. काका पाठ फिरवून उगीचच एक कापलेला तळ घासत बसले.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मालक पुन्हा पडद्याकडे वळले. चष्मा कपाळावरून खाली आणला. कोरा पडदा बघितला. आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“जावईबापू, कुणीच हात लावला नाही म्हणजे काय? मी लावलाय की.”

“अं?”

“मी रोज दाबतो. सकाळी दाबतो, जाताना दाबतो. चिमणी पडल्याचं कळल्यावर तर आज दोनदा दाबलं. ते कुठंय?”

जावईबापू हसले. “बाबा, ते नुसतं सेव्ह असतं. त्यात काही बदल नसतो. तो कचरा मी लपवून ठेवलाय.”

कचरा म्हणाले आणि काकांचं घासणं थांबलं. सासऱ्याशी बोलताना असला शब्द जावईबापूंच्या तोंडून याआधी कधी निघाला नव्हता. मालकांचे कान लाल झाले.

“कचरा? एवढी वर्षं मी मान मोडून दाबतोय, तो कचरा? दाखवा मला. माझं दाबलेलं सगळं दाखवा. आत्ता.”

जावईबापूंनी गडबडून चाळणी काढली. आणि पडदा भरला. जुनं अडीच, नवीन अडीच, मालक. जुनं अडीच, नवीन अडीच, मालक. खाली, आणखी खाली, मालकच मालक. मालकांचा चेहरा निवळत चालला. हे बघा, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ताई चकत्या हातात धरून तशाच बघत राहिल्या, कारण त्या ओळींमध्ये अडीच होतं. साडेतीन कुठेच नव्हतं.

मग नोंदी संपल्या.

“पुढचं?” मालकांनी विचारलं.

“एवढंच आहे, बाबा.”

“एवढंच कसं? ही शेवटची तारीख बघा. नवीन रबर आलं त्या दिवशीची सकाळ आहे ही. त्यानंतर मी काय झोपा काढल्या? आज सकाळी दाबलंय, सांगतोय ना मी!” मालक अगदी पेटले होते. “मी दाबल्याशिवाय एक दिवस तरी घरी गेलोय का? विचारा काकांना!”

“नाही बुवा,” काका म्हणाले. “दाबल्याशिवाय आमची सुटका नाही.”

जावईबापूंचा हात थांबला. त्यांनी एकदा शेवटच्या तारखेकडे बघितलं आणि मग त्यांचं तोंड इतकं पांढरं पडलं, की मालकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पाणी न पिता ते म्हणाले, “बाबा, त्या दिवशी आपण ट्रिगर बंद केला होता. मी तो चालू केलाच नाही. तेव्हापासून तो काही लिहीतच नाहीये.” त्यांनी बटण उघडून आतलं वाचलं. “आणि यात कॉर्कची अट नाही. सगळ्यांना लागलंय.”

“पण अर्धाच ना? मग साडेतीन कसं...” मालक बोलता बोलता अडकले. आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघायला लागले. “मी दोनदा दाबलं होतं,” ते म्हणाले.

मालक उठले, टेबलावरचा टेप उचलला आणि ताईंसमोर जाऊन उभे राहिले. “ताई, हा गळ्यात घाला. चूक आमची आहे. माझी आणि जावयाची.” त्यांनी लगेच, सगळ्यांच्या देखत, चिमणीच्या आईला फोन लावला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुढे कसलीही सबब सांगितली नाही.

ताईंनी टेप घेतला, पण त्या हसल्या नाहीत. “बाकीच्या मुलांचं काय?” त्यांनी विचारलं.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या फळ्यांकडे गेल्या. तिथे बुटांच्या जोड्या कागदात गुंडाळून, न्यायला येणाऱ्या आयांची वाट बघत ठेवलेल्या होत्या. सगळ्यांचे तळ वाढलेले. काही जोड्या तर कालपरवा गेल्याही होत्या. मूळ मापं आणायची कुठून? ताई पहिल्यांदा आकडा घालतात, तेव्हा तो बदल नसतो, म्हणून तो माझ्याकडे येत नाही. मला फक्त बदल लिहायला शिकवलं आहे. आणि ज्या दिवशी सगळं बदललं, त्या दिवशी मी बंद.

पण त्या दिवशीच्या सकाळी मालक आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पहिली ओळ उघडली होती आणि सेव्ह दाबलं होतं. मग दुसरी. मग तिसरी. एकेका मुलाचं खरं माप, जुनं आणि नवीन सारखंच, शेवटच्या ओळीपर्यंत माझ्याकडे लिहिलेलं होतं. ज्याला मी जन्मभर नावं ठेवली, ज्याच्यापायी मी मालकांना मनातल्या मनात किती शिव्या दिल्या, तोच तो कचरा. जावईबापूंनी एकेक आकडा तिथून उचलला आणि ताईंनी शेजारी बसून, रबराला तेवढा अर्धा जास्त धरून, तपासला. ज्यांच्या घरी बूट गेले होते, त्यांना मालकांनी स्वतः फोन केले. काकांनी बाही वर सारली आणि तळ उतरवायला बसले.

मला चालू केलं. आहाहा. पहिल्या नोंदीला हात लावताना काय वाटलं ते सांगता येत नाही. जावईबापूंनी आणखी एक धाकटा ट्रिगर लिहिला. कुणी मला बंद केलं, की तो कुणी आणि कधी, ते लिहून ठेवतो. दिवसभर तो माझ्याकडे टक लावून बसलेला असतो. डोक्याला ताप आहे, पण असू दे.

मग जावईबापू म्हणाले, “बाबा, आता मी याला ती अट घालून टाकतो. आकडा बदलला असेल तरच लिहील. तुमचं नुसतं दाबलेलं येणार नाही. संगणकही हलका होईल.”

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो, ते हे! आणि मालकांनी ‘नको’ म्हणावं म्हणून मीच जीव मुठीत धरून बसलो. माझं मलाच नवल वाटलं.

“नको,” मालक म्हणाले. “माझं राहू द्या. संगणक नवीन आणू.”

हनुवटीचे टाके निघाल्यावर चिमणी आली. आई तिचा हात घट्ट धरून दारातच थांबली होती. “डॉक्टरांनी पाठवलंय. माप पुन्हा घ्यायला सांगितलंय,” ती म्हणाली, पण आत येईना. ताईही पुढे झाल्या नाहीत. आपल्याला हात लावायला बंदी आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी नुसता चकत्यांचा डबा जमिनीवर ठेवला. चिमणीने आईच्या हातातून हात सोडवला, खाली बसून स्वतःच बूट काढले आणि येऊन ताईंच्या पुढ्यात उभी राहिली.

“लवकर घ्या ना. मला मोजायचंय.”

ताईंनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली. मग ताई गुडघे टेकून बसल्या, चकत्या सरकवल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले. चालवून आणलं. पुन्हा उभं केलं. पुन्हा चालवलं. या खेपेला आईने घड्याळाकडे बघितलं नाही.

“दोन!” चिमणी ओरडली. “ताई, दोनच झालं! माझा पाय वाढला!”

ताईंनी आकडा घातला. मी उठलो आणि लिहिलं. जुनं अडीच, नवीन दोन. इतकी सुंदर नोंद माझ्या हातून आजवर झाली नव्हती.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात, वर्गात कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर काही झालंच नाही असं ठरवून मोकळे होऊ नका. त्याला बोलू दिलं होतं का, ते आधी बघा. आणि एखाद्याला ‘जरा वेळ’ गप्प बसवलंत, तर कृपा करून परत येऊन त्याचं तोंड सोडा. बाकी काम आमचं आम्ही करतो.

त्या संध्याकाळी कार्यशाळा बंद करायच्या आधी मालक संगणकासमोर बसले. चष्मा कपाळावर चढवला. चिमणीची ओळ उघडली, वाचली, बराच वेळ वाचली, आणि सेव्ह दाबलं.

जुनं दोन, नवीन दोन. मी लिहिलं.